समोरच्या काठावर रिम्मा

उझित्से, सर्बिया
१२ मार्च १९२४

ती. ग्लाशाताईस,
वेन्याचा शि. सा. न. वि. वि.

रीगाहून मावशीचं जाड पाकीट आलं आणि आतून तुझं अक्षर निघालं. चार वर्षं तू आहेस की नाहीस हेच ठाऊक नव्हतं. 'रिम्मा सुखरूप आहे' ही ओळ इतक्यांदा वाचली की घरमालकीण दारात येऊन विचारू लागली, कुणी गेलं का हो? म्हटलं, नाही बाई, सापडलं.

मी बरा आहे. नोव्होरोसिस्कहून जहाजानं सेवास्तोपोलला गेलो, तिथून एका उजाड बेटावर तंबूत, आणि आता इथे. रस्तेखात्यात मुकादम आहे. सान नदीवर शत्रूच्या तोफांखाली एका रात्रीत तराफ्यांचा पूल घातला म्हणून सम्राटांनी मला जनरल केलं, ही गोष्ट गड्यांना तोंडपाठ झाली आहे. ते म्हणतात, बरं झालं जनरलसाहेब, आता जरा त्या फळीचं टोक धरा. मी धरतो. लोक चांगले आहेत. मक्याची भाकरी आणि आंबट दूध स्वतःच्या ताटातलं देतात.

पोरीची आई, माझी रायसा, टायफसनं गेल्याचं मला सेवास्तोपोलच्या बंदरावर कळलं होतं. तेव्हापासून एकच विचार आहे. रिम्माला माझ्याकडे पाठवता येईल का? मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा सात वर्षांची होती, पुढचे दोन दात पडलेले. आता कशी दिसते, ते तरी लिही.

तुझी माया इथवर पोहोचते, तशीच पोहोचत राहो.
तुझा,
वेन्या

येलेत्स
२ जून १९२४

चि. वेन्यास,
ग्लाशाचे अ. उ. आ.

रीगाला निघालेल्या एका ओळखीच्या बाईंच्या हाती हे देते आहे, म्हणून मोकळेपणानं लिहिते. पुढे टपालानं काही आलं तर शहाण्यासारखं वाच.

सम्राटांनी जनरल केलं आणि सर्बांनी मुकादम. दोन्हींत माणसांवर ओरडायचंच काम, तेव्हा तुला जड जाऊ नये. पण डोक्याला टोपी घालत जा. लहानपणी सर्दी झाली की तू घर डोक्यावर घ्यायचास.

रिम्मा पंधराची झाली. वाकड्या नाकाची नाही, देवाची कृपा. ते नाक तुझ्यापाशीच राहिलं. जगाच्या लेखी ती माझी मुलगी, माझ्या यजमानांचं आडनाव लावते. ते नसतं तर सम्राटांच्या जनरलची पोर म्हणून शाळेच्या पायरीवरूनच परत पाठवली असती. तुझे सगळे फोटो मी अठरा साली चुलीत घातले. शेवटचा घालताना हात थांबला होता, पण दाराशी बूट वाजले.

तिला पाठवणं नाही जमायचं. परवानगी मागायची म्हणजे आधी ती कोणाची हे सांगायचं. आणि खरं सांगू? ती येणारही नाही. परवा मी तुझं नाव काढलं तर ताट सरकवून म्हणाली, आत्या, ज्या माणसाला एवढाल्या नद्या ओलांडता येत होत्या, त्याला आपल्या दारापर्यंत यायला काय झालं होतं? मी लेस विणायला घेतली.

मन खाऊ नकोस, जेवत जा.
तुझी,
ग्लाशा

उझित्से
९ नोव्हेंबर १९२५

ती. ताईस,
शि. सा. न.

रिम्माचा प्रश्न दीड वर्ष खिशात घेऊन फिरतो आहे. ती म्हणते ते बरोबर आहे. एकोणीस सालच्या शरदात आमची तुकडी येलेत्सपासून दिवसभराच्या घोडदौडीवर होती. पलीकडच्या काठावर आमचे जखमी पडलेले, मागून लाल फौज, आणि पूल माझ्या ताब्यात. शेवटची गाडी अलीकडे येईपर्यंत मी तिथून हललो नाही. नंतर वाट बंद झाली. आजही तो पूल समोर आला तर मी तेच करीन, आणि आजही रोज येलेत्सचीच वाट आठवेल. दोन्ही खरं आहे. तिला पटेल तेवढं सांग.

आता माझा बेत ऐक. परत येणाऱ्यांना माफी आहे असं इथे येणारी माणसं सांगतात. आमचा पोर्फिरी आगेयेव, माझ्याबरोबर सानवर होता तो, मागच्या वर्षी तिकडे गेलाच ना? मीही येतो. रखवालदार करा, झाडू द्या. बर्फात कुजणाऱ्या अंतोनोव्का सफरचंदांचा वास एकदा घेतला की माझं काही मागणं नाही. काल झोपेतून उठलो तर त्या वासानं खोली भरलेली, आणि खिडकीबाहेर नुसते इथले आलुबुखारे.

वसंतात निघतो. हो म्हण.
तुझा हट्टी,
वेन्या

येलेत्स
२० जानेवारी १९२६

चि. वेन्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. इथे सर्व आनंद आहे. थंडी मात्र यंदा तुझ्या वयाच्या माणसांना सोसवत नाही.

पोर्फिरीची चौकशी केली होतीस. आला तेव्हा मोठं स्वागत झालं. दोन महिने शाळेत गणित शिकवलं, रिम्मालाही होता. मग एका सकाळी त्याला न्यायला लोक आले, आणि तो तुझ्या-माझ्या पपांकडे राहायला गेला. आता कायमचा तिथेच. जागा अरुंद आहे, तेव्हा आणखी पाहुणा यावा असं मला मुळीच वाटत नाही.

रिम्मा त्या दिवशी जेवली नाही. फळ्यावर त्यांचं अर्धंच गणित राहिलं होतं म्हणाली. मग मला विचारलं, पापांना पत्र लिहितेस ना? तर लिही, तिथेच राहा म्हणावं. तुला 'पापा' म्हणाली, वेन्या. पहिल्यांदा.

ऐकशील ना माझं?
ग्लाशा

उझित्से
४ मार्च १९२६

ती. ताईस,
शि. सा. न.

पपांना टेकडीवरच्या दफनभूमीत आपण दोघांनी ठेवलं त्याला वीस वर्षं होऊन गेली. कळलं. पोर्फिरीसाठी इथल्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली. पाद्री म्हणाले, जिवंतांच्या बाजूला लावायची की मृतांच्या? मी मृतांच्या बाजूला लावली आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो.

बांधलेलं बोचकं सोडलं. येत नाही.
वेन्या

येलेत्स
२५ मे १९२८

चि. वेन्यास,
ग्लाशाचे अ. उ. आ.

पुन्हा ओळखीचे हात मिळाले आहेत, म्हणून भराभर लिहिते. रिम्मा ओडेसाला सुईणीचं शिक्षण घेते आहे हे तुला माहीत आहे. एवढ्या लांब कशाला, विचारलं तेव्हा समुद्र बघायचाय म्हणाली. आता उन्हाळ्यापुरती तिची नेमणूक द्नीस्टरकाठच्या एका खेड्यात झाली आहे. स्वतः मागून घेतली. मी कपाळावर हात मारला, तर कार्टी हसते. समोरचा काठ रुमानियाचा. मधला पूल लढाईत उडवलेला, अजून तसाच पडलाय. मागच्या रविवारी अलीकडची एक बाई पलीकडे लग्न होऊन गेलेल्या बहिणीला काठावरूनच नुसती बघून आली, असं तिनं लिहिलं आहे.

ऑगस्टचा दुसरा रविवार. सकाळी बाया धुणं घेऊन नदीवर येतात, समोर पांढरं चर्च आहे. ती निळा रुमाल बांधील. हाका मारायच्या नाहीत, खुणा करायच्या नाहीत. पहारेकरी फिरत असतात. तुला रुमानियाची परवानगी मिळते का पाहा. नाही मिळाली तर ती उगाच एक रविवार धुणं धुईल, इतकंच.

सांभाळून, माझ्या राजा.
ग्लाशा

ओडेसा
३ सप्टेंबर १९२८

ती. पापांना,
रिम्माचा शि. सा. न.

हे पत्र आत्या तुमच्याकडे पोहोचवील. मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे, त्यामुळे चार कागद वाया गेले.

तुम्ही आलात! मी घाबरले होते की ओळखू येणार नाही. मला तुमचे फक्त बूट आठवतात आणि दाढीतलं बर्फ. पण चर्चखाली कोळ्यांच्या होड्यांपाशी माणसं उभी होती, त्यांत तुम्ही लगेच कळलात. केवढे उंच! आत्या म्हणते, पापा दारातून वाकून यायचे. पाठ अजून ताठ आहे तुमची, दाढी पूर्ण पांढरी. शेजारी एक वाकलेला बुटका म्हातारा तुम्हाला सारखं काहीतरी सांगत होता. मला त्याचा रागच आला. आजच्या दिवस तरी गप्प बसावं ना! मी मुद्दाम चादर उंच धरून पिळली, चेहरा दिसावा म्हणून. मग तुम्ही टोपी काढलीत आणि हात वर केलात. खुणा नाहीत असं ठरलं होतं, तरी केलात! पहारेकऱ्यानं विचारलं, कोण तो? मी म्हटलं, कोण जाणे, म्हाताऱ्याला चळ लागला असेल. माफ करा.

लहानपणी मी तुमच्याविषयी आत्याला फार टाकून बोलले. आता माझ्या मनात तसलं काही नाही. गेल्या महिन्यात मी एकटीनं तीन बाळंतपणं केली. हे तुम्हाला सांगायचं होतं.

तुमच्या आशीर्वादाची मला आता सवय लागणार आहे.
तुमची मुलगी,
रिम्मा

उझित्से
१४ ऑक्टोबर १९२८

ती. ग्लाशाताईस,
वेन्याचा शि. सा. न. वि. वि.

रिम्माचं पत्र पोहोचलं. तिला मी वेगळं लिहितो आहे, की होय, पाहिलं, चादर छान पिळतेस, आणि तीन बाळंतपणांबद्दल तुझा बाप गल्लीभर सांगत फिरला. हे पत्र मात्र फक्त तुला.

नदी ती केवढी, ताई! सानपेक्षा जरा रुंद, इतकंच. माझ्या पलटणीनं पहाटेपर्यंत पूल घातला असता. मी काठावर उभा राहून सवयीनं प्रवाह जोखला, तराफे मोजले, आणि मग निळा रुमाल दिसला. रायसाचेच खांदे. तिच्यासारखीच ती डाव्या हातानं पिळते.

पण तू मला बारा वर्षांत पाहिलेलं नाहीस. दोन वर्षांपूर्वी पुलाचा ओंडका पाठीवर आला. तुला लिहिलं नाही, उगाच काळजी. आता मी सरळ उभा राहू शकत नाही, दाढीही काढली आहे. रिम्मानं पाहिलं तो निकिफोर, तिथला कोळी. त्याच्या घरी मी दोन दिवस उतरलो होतो. वाकलेला बुटका म्हातारा मी.

तिची नजर त्याच्यावर स्थिरावली, तिचं तोंड असं उजळलं की मला दोन पावलं पुढे जाववेना. मी निकिफोरच्या बरगडीत कोपर मारलं. म्हटलं, टोपी काढ रे, हात वर कर. तो म्हणाला, कुणाची पोर ही? म्हटलं, तुझीच समज, पण हात खाली घेऊ नकोस. बिचारा दुखेपर्यंत धरून राहिला.

तिला हे कधी सांगू नकोस. बाप ताठ आहे असं वाटतंय, तर वाटू दे. माझं नुकसान झालं नाही, ताई. ती त्याच्याकडे पाहत होती, म्हणून मला तिच्याकडे पोटभर पाहता आलं. माझ्याकडे पाहिलं असतं तर माझे डोळे भरून सगळंच पुसट झालं असतं.

दोघींवर जीव आहे, तो आहे तिथूनच असू द्या.
तुझा,
वेन्या