चमच्यावरची फुंकर

रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आजी झालीस, अभिनंदन. बाळाचा फोटो पाहिला, नाक थेट तुझं घेतलंय. भाऊजींची कंबर आता बरी असेल. इकडे ह्यांना पुन्हा दुसऱ्या पाळीला टाकलंय आणि मी शिवणकाम परत सुरू केलंय. मशीन माझ्या खारूच्या खाटेला लागूनच ठेवलंय. आवाज थांबला की ती डोळे उघडून मी आहे ना बघते.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून मीही लिहूनच कळवते. लेक बाळाला हात लावू देत नाही, दारातूनच बघ म्हणते, परक्यासारखं वागवते, असं तू लिहितेस. ती तुझं ऐकते, तू तिला समजाव, असंही लिहितेस. समजावते हं. त्याआधी जरा मागचं बोलू.

तू खारूला भेटायला आलीस तेव्हा कर्करोगाच्या औषधांनी तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. वॉर्डच्या दारात नर्सने तुला विचारलं, सर्दी, खोकला, ताप? तू ठणकावून नाही म्हणालीस. हात धुतलेस, मास्क लावलास. पोर काही खात नव्हती, तर माझ्या हातातून सुपाचा वाडगा काढून घेतलास. म्हणालीस, "सरक तू. तुलाही मीच भरवून वाढवलंय." मी पाण्याची बाटली भरून आले तर तुझा मास्क हनुवटीवर आणि प्रत्येक चमच्यावर तुझी फुंकर. खारूने वाडगा संपवला. मी काही बोलले नाही. उलट किती बरं वाटलं होतं मला.

त्याच आठवड्यात ती खोकायला लागली. मग ताप चढला, मग श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, सर्दीचाच विषाणू आहे, मोठ्यांचं नुसतं नाक गळतं, पण अशा मुलांच्या आणि तान्ह्या बाळांच्या फुप्फुसात तो उतरतो. तिला ऑक्सिजन लावला आणि कर्करोगाची औषधं थांबवली. थांबल्याने किती नुकसान होईल, असं मी विचारलं. ते कागद चाळत राहिले.

तुला कळवलं तर तू म्हणालीस, हवा बदलली की मुलांना होतंच. मीही तेच धरून चालले होते. मग एकदा तुझ्या लेकीचा फोन आला. ती तेव्हा गरोदर होती. बोलता बोलता सहज म्हणाली, आईला घरून निघतानाच सर्दी होती, नाक गळू नये म्हणून गोळी घेऊन निघाली.

ताई, म्हणजे नर्सला नाही म्हणालीस तेव्हा गोळी तुझ्या पोटात होती. वाटलं, मिळेल त्या गाडीने यावं आणि चारचौघांत तुझी अब्रू काढावी. पण खारूला सोडून येणार कशी? गरोदर पोरीच्या जिवाला घोर नको म्हणून तिलाही काही बोलले नाही.

बाळ घरी आलं त्या दिवशी मी तिला फोन केला. गोळी, फुंकर, बरगड्या, तान्ह्या बाळांबद्दल डॉक्टर काय म्हणाले, सगळं सांगितलं. ती रडली. मी नाही रडले. कितीतरी महिन्यांनी त्या दिवशी मी पोटभर जेवले.

तेव्हा तुला दाराबाहेर तिने नाही, मी उभं केलंय. ती माझं ऐकते, हे तू बरोबर ओळखलंस.

खारू मात्र अजून तुझीच आठवण काढते. मावशी भरवेल तेव्हाच सूप पिईन म्हणते. याचाही मला राग येतो.

तुझ्या लेकीने विचारलं, "मावशी, आईला असं कधीपर्यंत ठेवू?" मी म्हणाले, खारू धाप न लागता आमचा जिना चढेल त्या दिवशी बाळ आईच्या मांडीवर दे. ती बरं म्हणाली. सध्या खारू दुसऱ्याच पायरीवर बसते. आता तूही माझ्यासारखी त्या जिन्याकडे डोळे लावून बस.

भाऊजींना नमस्कार. बाळाला आशीर्वाद, लांबूनच.

तूच भरवून वाढवलेली,
धाकटी