लाटेवरचं जनित्र आणि तात्यांची दोन बोटं

रत्नागिरी, ७ जानेवारी २०२५

ती. महिपतीतात्यांना पुतणी ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर काही कळत नाही, चित्र काढून पाठव म्हणालात, म्हणून सोबत पाठवतेय. तुम्ही दुकानात तार गुंडाळून भरता ती विजेची गोल मोटार कापून सरळ पसरली की माझं जनित्र झालं. लाटेवर तरंगतं पिंप वरखाली होतं, त्याला जोडलेली चुंबकांची पट्टी तारेच्या वेटोळ्यांसमोरून सरकली, की वीज आली!

मोठ्या लाटेला झकास चालतं. लहान लाटेला मात्र ढिम्म हलत नाही, आणि हिवाळ्यात इथला समुद्र शांत. ५ फेब्रुवारीला यंत्र तपासायला सरकारी समिती येतेय. तेव्हा चाललं नाही तर माझा आराखडा रद्द, तीन वर्षं वाया. संगणकात तर सगळं बरोबर दिसतंय.

काकूंना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची
ऋतुजा

कुंभारी, १४ जानेवारी

चि. ऋतुजास अ. उ. आ.

चित्र लई सुबक काढलंस, पर यंत्राला हात लावल्याला दिसत न्हाय. मी मोटार भरली की आधी दोन बोटांनी फिरवून बगतो, मगच गिऱ्हाइकाला देतो. तू संगणकाला इचारतीस. ती पट्टी सवताच्या हातानं सरकव. दर दाताला गचका बसंल. वेटोळ्यांच्या मधला लोखंडाचा दात समोर आला की चुंबक त्येला धरून बसतंय. मोठी लाट वढून काढती, ल्हान लाटंला त्येवढा जोर कुटला?

यंत्रमागाच्या मोटारीत आतल्या फिरत्या रोटरच्या खाचा तिरक्या असत्यात, त्या काय शोभेला न्हाईत. शाळा बुडवून दुकानात बसायचीस तवा धा येळा दावल्यात की! दर ओळीची चुंबकं मागच्या ओळीपेक्षा जरा फुडं चिकटव. शेवटची ओळ एक खाच फुडं निगाली पायजे. मग समदी एकदम अडकत न्हाईत. वीज थोडी कमी यील, पर यील.

काकू म्हणती, पोरीला घाबरवू नका. मी कुटं घाबरवतोय? तुजं यंत्र चालणार हाय. जिवाला जप.

तात्या

रत्नागिरी, ६ फेब्रुवारी

ती. तात्यांना शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रागच आला. तिरकेपणाचं मला पुस्तकातून ठाऊक होतं. तसली तिरकी चुंबकं बनवून घेणं अवघड, म्हणून मीच सोडून दिलं होतं. चुंबकं सरळच ठेवून नुसत्या ओळी पुढे सरकवाव्यात, हे काही सुचलं नाही. सगळी उखडून पुन्हा चिकटवली. त्यात अंगठा चांगलाच चेंगरला.

काल समुद्र अगदी निपचित. समितीचे साहेब म्हणाले, तारीख पुढे ढकलू. मी म्हटलं, नको, सोडा पाण्यात. वीतभर लाट आली, पट्टी अलगद सरकली आणि मीटरचा काटा उठला. तात्या, मी सगळ्यांसमोर रडले हो!

आराखडा मंजूर झाला. आता अशी दहा यंत्रं करायची आहेत. वेटोळी तुम्हीच भरणार, असं मी साहेबांना सांगूनही टाकलंय. नाही म्हणायचं नाही.

आशीर्वाद असू द्या.

ऋतुजा

कुंभारी, १३ फेब्रुवारी

चि. ऋतुजास अ. उ. आ.

पत्र पोचलं. काकूनं समद्या गल्लीला वाचून दावलं.

धा यंत्रांची वेटोळी म्हणतीस. मी बाराची भरतो. दोन तू मोडशील.

तात्या