कावळा शिवला नाही

स्वरूपाताई,

निगडीच्या दवाखान्यात, उशाशी बायबल ठेवून, तू म्हणालीस, "ज्ञानू, माझ्यामागं पिंड ठेवू नका. मी उपाशी नसेन, झोपलेली असेन. येशू उठवेल तेव्हा हीच जमीन बाग झालेली असेल." मी शिफ्टच्या घाईत "बरं" म्हणालो.

दहाव्याला मामांपुढं मी तुझं म्हणणं सांगितलं नाही. नदीकाठी पिंड ठेवला. कावळा येईना. तुझी काही इच्छा राहिली असेल म्हणून एकेकजण शब्द देत होता, "पोरीला शिकवू", "दाजींना सांभाळू". मला खरी इच्छा ठाऊक होती, तरी मी गप्प. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा शिववला.

ताई, तुझ्या बागेत जाग आली की मला हाक मार. आपणहून पुढं यायला मला तोंड राहिलेलं नाही.

तुझा,
ज्ञानू