मागच्या सीटची हकीकत

ती. वन्संना,

साष्टांग नमस्कार. (तूर्त लेखीच समजावा. कंबर धरली आहे, वाकता येत नाही. का धरली ते पुढे येईलच.) तुमचे गुडघे कसे आहेत? नव्या चष्म्याने डोकेदुखी थांबली का? आमच्याकडे सगळं ठीक. स्टुडिओही बरा चाललाय. लोकांना पासपोर्टचे फोटो लागतायत तोवर आपल्याला मरण नाही.

तुमचं पत्र परवा पोचलं. आम्ही दोघं गाडीने सहलीला निघतोय हे कळताच ‘मीही येते, बॅग भरायला घेतली’ असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून मला इतका आनंद झाला की बराच वेळ खुर्चीतून उठवेना. यांनी तर लगेच ‘ताई येणार म्हणजे मजाच’ असं जाहीर करून टाकलं. (यांना काय, गाडी चालवायची असते. मागे बसायचं नसतं.) तुम्ही याच हो वन्सं, नाही म्हणणारी मी कोण? पण उद्या तुम्ही म्हणाल, मूग गिळून गप्प बसलीस, आधी सांगायला काय झालं होतं? म्हणून गेल्या रविवारी आम्ही या सहलीची रंगीत तालीम करून आलो, तिची हकीकत जशीच्या तशी कळवते. पुढे तुमची मर्जी.

हे खूळ यांच्या डोक्यात शिरलं ते दातांच्या डॉक्टरकडे. नंबर येईपर्यंत तिथलं एक जुनं मासिक चाळत बसले होते. त्यात म्हटलं होतं की खरा प्रवास म्हणजे निसर्गरम्य रस्ता, हातात कॅमेरा आणि स्थानिक संस्कृती. झालं! दाढ राहिली बाजूला आणि हे मासिक घेऊन घरी आले. (विचारून आणलं म्हणतात. मला शंका आहे.) मग स्टुडिओच्या भिंतीवर भलामोठा नकाशा डकवला. दरी असेल तिथे लाल खूण, तळं असेल तिथे निळी आणि संस्कृती असल्याचा संशय असेल तिथे हिरवी. फोटो काढायला आलेल्या गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, मान सरळ करायची आणि विचारायचं, तुमच्या गावात संस्कृती आहे का? एक गृहस्थ घाबरून म्हणाले, आमच्याकडे नाही हो, पलीकडच्या गल्लीत चौकशी करा.

तर रविवारी उजाडायच्या आत निघालो. सहलीचा घाट यांनी घातला, पण खऱ्या घाटात शिरल्याबरोबर गाडीने मान टाकली. ती जरा गार होते न होते तो यांनीच ती थांबवायला सुरुवात केली. प्रत्येक वळणावर उतरायचं, डोळ्यांवर आडवा हात धरायचा, आकाशाकडे बघायचं आणि ‘उजेड अजून पिकला नाही’ म्हणून परत गाडीत बसायचं. मी म्हटलं, अहो, उजेड आहे का आंबा? पुढच्या वळणावर परत तेच. तुम्हाला वळणं सोसत नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम सांगते, त्या रस्त्याला वळणांखेरीज दुसरं काहीच नाही. मागच्या सीटवर कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड, दोन दिवे आणि दिव्यांना लावायची यांची ती पांढरी छत्री. मी थोडा वेळ मागे बसून पाहिलं. छत्रीची काडी डाव्या बरगडीत येते आणि ब्रेक लागला की स्टँड मांडीवर येऊन बसतो. तुम्ही येऊ नका असं मी म्हणतेय असा अर्थ कृपा करून काढू नका. बरगडी तुमची, विचार तुम्ही करायचा.

दुपार टळली तेव्हा उजेड एकदाचा पिकला आणि आम्ही एका तळ्याकाठच्या गावी पोचलो. काय सांगू वन्सं! पाणी असं की बघतच राहावं. पलीकडे डोंगर, अलीकडे झाडं आणि पारावर निवांत बसलेली माणसं. निसर्ग नि संस्कृती दोन्ही एकाच जागी. हे अगदी हरखून गेले. एका पागोटेवाल्या आजोबांना म्हणाले, तळ्याकडे पाठ करून उभे राहा, फोटो काढतो. आजोबा उभे राहिले. यांनी कॅमेऱ्यातून पाहिलं, चुकचुकले, गाडीकडे गेले आणि माझी नवीकोरी पांढरी चादर घेऊन आले. (रात्री मुक्काम पडलाच तर असावी म्हणून मी घेतली होती.) एक टोक माझ्या हातात, दुसरं तिथल्या न्हाव्याच्या हातात आणि चादर आजोबांच्या मागे ताणून धरा असा हुकूम! मी म्हटलं, अहो, मागे तळं आहे. तर म्हणतात, तेच तर, चेहऱ्यामागे गर्दी नको.

वन्सं, जन्मभराची सवय ती, जाते कुठे? पुढे आजोबांचं पागोटं उतरवलं. दोन्ही कान दिसू द्या, हनुवटी खाली, हसू नका. आजोबांचा चेहरा असा झाला की जणू त्यांना कोणी देशाबाहेर काढतंय. तेवढ्यात गावात बातमी फुटली की सरकारी माणसं आली आहेत आणि ओळखपत्राचे फोटो फुकट काढतायत. मग काय विचारता! गाव केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून रांगेत हजर. शेवटी तिथल्या गाणाऱ्या बायकांचा एक ताफा आला. त्या आमच्यासाठी गायला लागल्या, आणि काय गोड गळे होते! यांनी त्यांनाही एकेकीला चादरीपुढे उभं केलं आणि तोंड मिटायला सांगितलं. एवढी संस्कृती दारात चालून आली आणि तुमच्या बंधुराजांनी तिचं तोंड बंद केलं.

दिवेलागणीपर्यंत मी चादर धरून उभी. कंबर गेली ती तिथेच. (न्हावी मधेच एका दाढीला जाऊन आला, मला तेवढीही सुटका नाही.) पण एक आहे. मी तळ्याकडे तोंड करून उभी होते, त्यामुळे ते सगळं बघायला मिळालं ते मला एकटीला. पाणी आधी निळं होतं, मग तांबूस झालं, मग काळंभोर. इतकं सुंदर की डोळे भरून आले. यांना हाक मारली तर म्हणाले, हलू नकोस, चादरीला चुणी पडते.

असं सगळं आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर क्षमा असावी. तब्येतीला जपा. या वयात दगदग वाईट.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. : हे पत्र यांना दाखवलेलं नाही. यांच्या मते तालीम फर्मास झाली.

ता. क. दुसरं : आता खरं लिहिते, रागावू नका. गेली कित्येक वर्षं हे साऱ्या गावाचे फोटो काढतायत, पण फक्त आम्हा दोघांचाच असा एकही फोटो घरात नाही. काढणारे हेच, तर मग फोटोत कोण येणार? लग्नातला एक आहे, त्यात तुम्ही मधोमध उभ्या आहात. (साडी शोभतेय.) बाळाच्या बारशाचा आहे, त्यातही मधे तुम्हीच. त्या तळ्याकाठी मला आमच्या दोघांचाच एक फोटो हवाय. फार हौस आहे हो वन्सं. म्हणून एवढं रामायण लिहिलं. यावेळी नका येऊ.

ता. क. तिसरं : पाकीट चिकटवायच्या आधी म्हटलं, कॅमेऱ्यात आपोआप फोटो निघायची सोय आहे ती करून बघावी. यांनी कॅमेरा स्टँडवर लावला, बटण दाबलं आणि धावत माझ्या शेजारी यायला निघाले. पहिल्या फोटोत यांची पाठ आली. दुसऱ्यात चप्पल आली. तिसऱ्यात वेळेवर पोचले, तर शेजारी उभं राहायचं सोडून माझी हनुवटी खाली करत बसले. तेव्हा वर लिहिलेलं सगळं रद्द समजा आणि तुम्ही याच. मागची सीट मोकळी करते, वळणांसाठी गोळ्याही आणून ठेवते. फक्त तळ्याकाठी पोचलो की आमच्या मधे यायचं नाही. कॅमेऱ्यामागे उभं राहून बटण तुम्ही दाबायचं.