दगडफुलाचा डोळा

९ जून

बांगडी पुरली नाही!

आईची जुनी बांगडी. मार्चात मागच्या कातळावरच्या दगडफुलावर धरली होती, तेव्हा काठाला काठ लागला होता. आज फूल वरून आणि खालून बाहेर डोकावत होतं. पुन्हा धरली. तेच. म्हणजे वाढतंय!

आधी ते नुसतं दगडफूल होतं. वाळलं की राखाडी, भिजलं की हिरवंगार, कडेला पांढरी झालर. या बाजूच्या जंगलात दर दगडावर असली गोल चकंदळं असतात. पण ह्याच्या मधोमध आडवी काळी रेघ. सासूबाई एकदा भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "अगं, हा तर मिटलेला डोळा!" तेव्हापासून दिवा आणि तांब्याभर पाणी. दिव्याला तळणीचं उरलेलं तेल वापरते, गाळून. देवाला चालत असावं. वाढलाच आहे की तो.

१५ जून

शेजारच्या शिंपीणबाईंना सांगितलं आणि चुकले. त्यांच्या पोटात काही राहील तर शपथ! संध्याकाळपर्यंत पंपघराच्या वसाहतीतल्या सगळ्या बायका आमच्या मोरीमागे. मला म्हणतात, "तुम्ही मोजलंय ना? मग झालं. तुम्ही तर मीठसुद्धा मोजून टाकता."

सगळ्यांना बांगडी धरून दाखवली. खोटं कशाला बोलू, छान वाटलं.

हे कामावरून आले, दारातल्या चपला पाहिल्या आणि म्हणाले, "माझ्या घरात मला जागा मिळेल का, की मीही रांगेत उभा राहू?"

१९ जून

रेघेत आता करंगळीचं नख जातं. सासूबाई म्हणतात, देव डोळा उघडतोय. अंगावर काटा आला.

२७ जून

घंटा बसवली. कातळातच ड्रिलनं भोक पाडलं. भोक पाडताना आवाज एकदम बदलला. आधी भरीव येत होता, मग रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा. घरात फळीवरचे डबे किणकिणले. ड्रिलवाला म्हणाला, "आत पोकळ दिसतंय." सासूबाई म्हणाल्या, "गाभारा असेल." सगळ्यांनी हात जोडले. मीही.

आता सासूबाई दिवसभर तिथेच स्टूल टाकून बसतात. पाठ कातळाला टेकून. कंबरेला गार लागतं म्हणे, बरं वाटतं.

२ जुलै

पाऊस. रेघेतून पाणी येतंय. बायका म्हणतात, देवाला रडू आलं. पाणी गढूळ आहे. मी कुणाला बोलले नाही.

७ जुलै

एक बाई आली होती, दगडफुलांचा अभ्यास करणारी. गळ्यात दोरीनं बांधलेलं भिंग. सासूबाईंनी लगेच नाव ठेवलं, भिंगवाली. तिनं चपला काढल्या, दिव्याला हात जोडले, मग भिंग लावून कितीतरी वेळ पाहिलं.

म्हणाली, "काकू, हे तुमच्या सासूबाईंपेक्षा वयानं मोठं असणार. ही फार सावकाश वाढतात. वर्षभरात तांदळाच्या दाण्याएवढंसुद्धा नाही."

मी म्हटलं, "आमचं चार महिन्यांत बोटभर वाढलं."

ती हसली. गोड हसली, पण हसलीच. "मोजण्यात चूक झाली असेल."

माझी चूक! अख्ख्या संसाराचा हिशेब कधी चुकला नाही माझा. चहा दिला खरा, पण साखर घालायची विसरले. की घातली नाही, देव जाणे. चारच्या बसनं गेली ती.

८ जुलै

रात्रभर तेच डोक्यात. सकाळी कुणी यायच्या आत बांगडी घेऊन गेले. सबंध फुलावर न धरता आधी वरच्या अर्ध्यावर धरली. काठाला काठ. मग खालच्या अर्ध्यावर. काठाला काठ.

फूल जराही वाढलेलं नाही. फाटलंय.

वरचं अर्धं वर, खालचं अर्धं खाली. मधे रेघ नव्हेच ती, भेग आहे. खालचा दगड सुटतोय. तो सुटला की खाली मोरी, आमचं घर, मग घरांची सगळी रांग. आणि मी चार महिने त्या भेगेत तांब्या तांब्या पाणी घालत होते.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "कालपर्यंत देव होता, आज दरड? साहेबांना काय सांगू, बायकोच्या बांगडीनं मोजलं?" तरी फोन केला. साहेब म्हणाले, पाऊस ओसरला की माणूस पाठवतो.

सासूबाई चिडल्या. "डोळा मी दाखवला तुला. आता मलाच शिकवतेस? देव आहे की भेग, काय ते एक ठरव."

शिंपीणबाईंनी कानावर हात ठेवले. बाकीच्या हसल्या.

१० जुलै

बोट आत जातं.

देवा, माफ कर. आज तुझ्या नावानं खोटं बोलले.

घंटेपाशी सगळे जमले होते. मी मोठ्यानं म्हटलं, स्वप्नात आज्ञा झाली. देव पुरता डोळा उघडणार आहे, त्याच्या नजरेखाली कुणी राहायचं नाही. पोराबाळांसकट सगळ्यांनी पुलापलीकडच्या शाळेत जायचं, पाऊस थांबेपर्यंत. जीभ अडखळलीसुद्धा नाही. कुणी एक शब्द विचारला नाही! ज्या तोंडानं परवा खरं सांगितलं तेव्हा हसले, त्याच तोंडाचं खोटं ऐकून वळकट्या बांधायला धावले.

फक्त सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. वाटेत पुलावर हळूच म्हणाल्या, "लग्न होऊन आलीस तेव्हापासून बघतेय. खोटं बोललीस की तुझ्या कानाच्या पाळ्या लाल होतात."

मी म्हटलं, "आई, स्वप्न खोटं, पण भेग खरी आहे हो. तुमच्या पाया पडते."

"देवाच्या नावानं खोटं बोलणारीचं दुसरं काय खरं मानू?"

आल्या मात्र. भिंतीकडे तोंड करून निजल्या.

११ जुलै

दिवसभर धो धो. शाळेत मुलांनी उच्छाद मांडलाय. सासूबाई अन्नाला शिवल्या नाहीत. सारखं एकच, "तिथे दिव्याला कुणी नाही. माझा देव अंधारात ठेवलास."

मी म्हटलं, उद्या मी जाऊन लावते. तेव्हाही माझ्या कानाकडेच पाहिलं त्यांनी.

१४ जुलै

कातळ परवा उजाडताना पडला. सगळी रांग गेली. घरं रिकामी होती.

शाळेतलं भिंतीकडचं एक अंथरूणही रिकामं होतं. माझ्या पिशवीतून वाती आणि काडेपेटी नेली होती त्यांनी.

लोक येऊन माझ्या पाया पडतात. म्हणतात, देवच तुमच्या तोंडून बोलला, आता पुढं काय सांगतो तेही सांगा. मी खोटं बोलले हे एकट्या सासूबाईंना कळलं होतं.