पोटाशी धरलेली गिटार

५ जानेवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आ., आणि आशीर्वादाच्या पाठोपाठ एक काम.

तू म्हणशील, आत्याला आठवण झाली तीही कामापुरती. तसंच समज. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला शांत करतेस, आणि मला सध्या शांत व्हायचं नाहीये.

तुझ्या तीर्थरूपांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने, माझं काय केलं ते तुझ्या कानावर आलं असेल, पण साखर लावून आलं असेल. आता माझ्याकडून ऐक. दादाच्या गाण्यामागे मी उभा जन्म गिटार वाजवली. दोन महिन्यांपूर्वी शाळेच्या कार्यक्रमात त्याने माईकवरून, भरल्या सभागृहात, हसत हसत सांगितलं की आमची धाकटी आता दमली, तिची गिटार मेल्यासारखी वाजते, मागच्या रांगेला नुसती खटखट ऐकू जाते, म्हणून यापुढे साथीला आमचे जावई. लोक हसले. मी तिथेच होते गं, त्याच्या मागे, खुर्चीवर, गिटार मांडीत घेऊन. तुझ्या धाकट्या बहिणीचा नवरा स्पीकरच्या दोन पेट्या आणि वायरींचं भेंडोळं घेऊन आला आणि मी उठायची वाट बघत उभा राहिला. मी उठले. पुढचा सगळा कार्यक्रम पडद्याआडून ऐकला.

तेव्हापासून मला कुणी वाजवायला बोलावलेलं नाही. मेलेल्या गिटारला कोण बोलावतंय.

मार्चमध्ये आमच्या वाचनालयाचा दुरुस्त केलेला हॉल उघडतोय. ग्रंथपालबाईंचा नियम कडक आहे. माईक नाही, स्पीकर नाही, वायर नाही, माणसाच्या घशातून आणि लाकडातून निघेल तेवढंच. दादा गाणार आहे. बाईंच्या डोक्यावर बसून त्याच संध्याकाळी अर्धा तास मीही मागून घेतलाय. तू म्हणे गिटारच्या पोटात काहीतरी बसवतेस, मग बाहेर स्पीकर न लावता आवाज घुमतो. ते मला हवंय. त्याच लोकांसमोर, त्याच्या नाकावर टिच्चून. बाप आहे म्हणून हात आखडता घेऊ नकोस.

राग आहे तसा आहे, तुझ्यावरचा लोभही आहे तसाच आहे.
तुझी आत्या


११ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न., आणि विनंतीविशेष तुझ्याच पत्रात इतकं होतं की मी नवीन काय लिहू.

वाचून माझ्याही डोक्यात तिडीक गेली. बाबांचं मला नवल वाटलं नाही. माझ्या गिटारच्या दुकानाला आठ वर्षं होतील, त्यांचं पाऊल अजून इकडे लागलेलं नाही. कुणी विचारलं की सांगतात, मोठी सुतारकाम करते. त्यामुळे हात आखडता घेईन ही काळजी सोड. काळजी मला तुझी आहे. तुझं ब्लडप्रेशर आणि तुझी जीभ एकाच वेळी चढतात.

कामाचं सांगते. तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्याखाली एक पातळ पट्टी सरकवायची. ती तारांची थरथर पकडते. ती थरथर पोटातल्या छोट्या सर्किटकडे जाते, तिथे तिला घुमारा मिळतो, पडसाद मिळतो, हवं ते मिळतं. मग ती जाते मागच्या पाटीला, म्हणजे गिटारच्या पाठीच्या फळीला, आतून चिकटवलेल्या एका चकतीकडे. ही चकती म्हणजे कागदी पडदा काढलेला स्पीकरच, पण बोलते ती पाटीतून. पाटी हलते आणि सगळी गिटारच बोलायला लागते. बटणं आवाजाच्या भोकाच्या कडेला, आतल्या बाजूने. बाहेरून काही दिसत नाही. नियमात बसतं का, ते तू बाईंना आधी विचार. चोरून करू नकोस, नाहीतर बाबांनाच आयतं कोलीत मिळेल.

गिटार पाठव. नव्या तारा लावून देईन. तुझ्या त्या जुन्या गंजक्या तारा बघून मला दर वेळी कसंसंच होतं.

औषधं घे आणि माया कमी करू नकोस.
तुझा भुंगा


२ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
आशीर्वाद अर्धेच पाठवतेय, बाकीचे गिटार बोलायला लागली की.

पार्सल नीट पोचलं. काम देखणं आहे, कुठे टाचणी टोचल्याची खूण नाही. बाईंना दाखवलं. त्यांनी आत टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाल्या की बाहेर काही नसेल तर त्यांची हरकत नाही. इथपर्यंत सगळं छान.

पण बये, वाजतंय कुठे? बटण फिरवून फिरवून माझं बोट दुखलं. कुठेतरी तळाशी कुणीतरी गुणगुणल्यासारखं होतं आणि विरतं. शेजारच्या शिंपीणबाईंना बोलावून ऐकवलं, त्या म्हणाल्या की आधीसारखीच छान वाजते. आधीसारखीच! मला आधीसारखी नकोय. पार्सलमधल्या तुझ्या चिठ्ठीत तर होतं की तुझ्या टेबलावर ती खोलीभर घुमली. मग माझ्याकडे आल्यावर तिला काय झालं? का खरंच माझ्या हातात काही उरलं नाही?

हे शेवटचं वाक्य मी दादाला कधी लिहिणार नाही. तुलाच लिहितेय. महिनाभरात काही झालं नाही तर मी अर्धा तास बाईंना परत करीन, आणि मग तो आयुष्यभर बरोबर ठरेल. ते मला सहन व्हायचं नाही.

लवकर लिही. लोभ तेवढा धरून आहे.
आत्या


७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
नमस्कार, आणि हे पत्र गिटार हातात घेऊन वाच.

तुझ्या हातात सगळं आहे. मी डोकं खाजवत बसले होते, मग मी लहानपणी काढलेला तुझा फोटो आठवला. बाबा पुढे, तू मागे, आणि गिटार पोटाशी अशी आवळलेली की कुणी ओढून नेईल. अजून तशीच धरतेस ना? मग चकती बिचारी काय करणार. मागची पाटी हलायला मोकळी हवी. तू तिला पोटाने दाबून टाकलीस की आवाज तुझ्या स्वेटरमध्ये मुरतो.

खुर्चीच्या कडेवर बस. गिटार डाव्या मांडीवर घे आणि थोडी तिरकी कर, म्हणजे फक्त कड अंगाला लागेल, पाटी नाही. मग बटण अर्ध्यावर ठेवून एकच तार छेड. बटण एकदम पुढे नेऊ नकोस, तोच आवाज पुन्हा पट्टीत शिरतो आणि गिटार कोकलते.

चकती बाजूला ठेव, साधी गिटारसुद्धा अशी धरली की खुलते. पोटाशी आवळली की कुठलीही गिटार मिटते. इतकी वर्षं वाजवलीस, तुला हे कुणीच कसं सांगितलं नाही?

जमलं का ते कळव. वाट बघतेय.
भुंगा


१२ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
पूर्ण आशीर्वाद, मागची थकबाकी धरून.

वाजली. एक तार छेडली आणि खोली भरली. मी बटण बंद करून पाहिलं, तर तशीही वाजली, मला ठाऊक होती त्याच्या दुप्पट. शिंपीणबाई मशीन सोडून दारात आल्या.

मग मी खाली बसले आणि रडले. आनंदाने नव्हे. तू विचारलंस ना, कुणी सांगितलं कसं नाही. सांगितलं होतं गं. उलटं सांगितलं होतं. मी विशीत होते, पहिल्या कार्यक्रमाच्या तालमीत दादाने गाणं थांबवलं आणि म्हणाला की गिटार जरा जवळ धर, माझ्या आवाजावर येतेय. मी धरली. पुढच्या वेळी म्हणाला, अजून जवळ. मग म्हणाला, खुर्ची मागे घे. मला वाटायचं, शिकवतोय. थोरला भाऊ, त्याला कळतं जास्त. ती सवयच अंगात बसली, इतकी की घरी एकटी असतानाही मी तिला दाबून बसायचे.

म्हणजे बघ, आधी माझ्या गिटारचा गळा आवळायला लावला आणि मग तीच मेल्यासारखी वाजते म्हणून लोकांसमोर मला खुर्चीवरून उठवलं. अंगाचा तिळपापड होतोय नुसता. इतके दिवस मला त्याचं फक्त नाक ठेचायचं होतं. आता तेवढ्यावर भागणार नाही. त्याने काय केलं ते त्याला ऐकू आलं पाहिजे.

मला समजावायला बसू नकोस. जीव लाव, उपदेश नको.
आत्या


१९ मार्च

चि. भुंग्यास,
अ. उ. आ. आज मोठ्या आवाजात.

काल झाला कार्यक्रम. पहिल्यापासून सांगते.

हॉल भरला होता, तेच शाळेवाले लोक. दादाचं गाणं आधी. पेट्या आणायला बंदी, त्यामुळे जावईबापूंची गिटार डबा वाजवल्यासारखी. दादाच्या कपाळाला आठ्या. दोन गाणी झाल्यावर तो उठून पहिल्या रांगेत माझ्यापर्यंत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की शेवटच्या गाण्याला ये, जुन्या दिवसांसाठी. काय पण दिलदारपणा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गेले.

खुर्ची मागे ओढली. गिटार पोटाशी धरली, चांगली आवळून, त्याने शिकवली होती तशी. बटण बंद. सूर एक चुकला नाही, ताल एक हलला नाही, आणि आवाज पहिल्या रांगेच्या पुढे गेला नाही. त्याने वळून पाहिलं. मी मान डोलावली. पुन्हा वळून हाताने खूण केली की वाढव. मी नकार दिला आणि कडव्यांच्या मधल्या जागेत वाकून त्याला हळूच सांगितलं की तुझ्या आवाजावर येईल रे, दादा. शेवटची ओळ त्याने कशीबशी ओढत नेली. मला फार बरं वाटलं. खोटं का बोलू.

मग माझा अर्धा तास. खुर्ची पुढे कडेपर्यंत आणली, गिटार अंगापासून मोकळी केली, बटण फिरवलं. भुंग्या, तू असायला हवी होतीस. लोक माना वळवून भिंतींवर स्पीकर शोधत होते. एक आजोबा माझ्या खुर्चीखाली वाकून बघून गेले. शेवटी टाळ्या थांबेनात तेव्हा मी उभी राहिले आणि सांगितलं की आत जे बसवलंय ते माझ्या भाचीचं काम, आणि बाहेर जे ऐकलंत ते गिटार अंगापासून लांब धरल्यामुळे. जवळ धरायला मला माझ्या भावाने शिकवलं होतं, त्याच्या आवाजावर येऊ नये म्हणून. एवढंच बोलले.

तुला वाटेल, दादा काही बोलला असेल. बोलला. निघताना जिन्यात गाठून विचारलं की ते यंत्र जावयाच्या गिटारला बसवता येईल का, आणि मोठीचं दुकान नक्की कुठे आहे. त्याला माफी सुचली नाही, पत्ता सुचला. आपल्या पोरीचा पत्ता माझ्याकडून लिहून घेतला गं त्याने.

मी दिला. ते दोघं येतील. माझं एक ऐक, काम उत्तम कर, पण गिटार कशी धरायची ते सांगू नकोस. माझी शपथ समज.

बाईंनी मला दर महिन्याला बोलावलंय. लोभ वाढव, आता परवडेल मला.
आत्या


४ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. तुझी शपथ मोडली, आधी तेवढं पोटात घाल.

आले होते दोघं, बाबा आणि त्यांचा जावई. मी जावयाला सांगितलं, पाटी मोकळी ठेवायची. काम माझ्या हातचं, दुकानाचं नाव माझं, अर्धवट सांगून गिऱ्हाईक परत पाठवायला मला जमत नाही. रागावू नकोस.

बाबा स्टुलावर बसले. भिंतीवरची हत्यारं बघत होते. दुकान स्वच्छ आहे म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला तेवढ्यानेही भरून आलं. काम संपल्यावर जावयाने मी दाखवलं तसं धरून वाजवलं. दुकान घुमलं. बाबांनी डोळे मिटले आणि मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. ते गायला लागले. एक ओळ गायले आणि थांबले, आणि जावयाला म्हणाले की जरा जवळ धर, माझ्या आवाजावर येतेय.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बाबा, जवळ धरली की ती बंदच होईल, एवढं बसवून उपयोग नाही. ते म्हणाले, नाही, नाही, अशीच बरोबर आहे, अजून थोडी जवळ. जावयाने धरली. बाबा खूश झाले. पूर्ण गाणं म्हटलं त्यांनी माझ्या दुकानात, आणि गिटार असून नसल्यासारखी.

दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा नीट हाताला धरून समजवावं म्हणून मी पुढे झाले, तेवढ्यात त्यांनी विचारलं की काम सफाईदार आहे, तूच केलंस की कुणा कारागिराकडून करवून घेतलंस.

मी गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या आणि दार उघडून धरलं.

प्रेम राहू दे, शपथ पाळली नाही तरी.
भुंगा