दाराच्या आतून केलेली व्यवस्था

मी, शीलवती उकंडराव तायडे, वय ६९, निवृत्त अधिपरिचारिका, राहणार सावळदरी, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. दबाव आहे, पण तो बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून बसला आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पोलिसांची तक्रारही तीच आहे.

१. आमच्या वस्तीच्या स्मशानाचा रस्ता कुणीतरी तारेचे कुंपण घालून अडवला, म्हणून आम्ही बाया सरकारी कचेरीसमोर शांतपणे बसलो होतो. तेव्हापासून जिल्ह्यात मंत्री येणार म्हटले की माझ्या दाराशी शिपाई येतो आणि मला उंबरठा ओलांडू देत नाही. मी दर वेळी लेखी आदेश मागते. उत्तर ठरलेले: "लेखी नसते बाई, साहेबाचं तोंडी रायते." कागदच नाही, तर दाद कशाविरुद्ध मागायची, असे वकील विचारतात.

२. राहते घर भाचा अनुप याला मिळायचे होते. आता मिळणार नाही. त्याने परस्पर ठाण्यात जाऊन, आत्या पुन्हा आंदोलनात दिसणार नाही, अशी हमी लिहून दिली.

"मले इचारलं काहून नाही?"

"तू हो म्हटलं असतं काय, आत्या?"

"नाही."

"मंग कायले इचारू?"

अमरावतीच्या मिशनच्या शाळेत सिस्टर लोकांनी मला रांगेत उभे राहायला शिकवले. गप्प बसवणे त्यांनाही जमले नाही. अनुपला माझी स्कूटी द्यावी. ठाण्यात ये-जा करायला बरी पडेल.

३. घर भाची पौर्णिमा हिला द्यावे. समोरची खोली तिने वस्तीच्या बैठकांसाठी उघडी ठेवावी. कोणी बंद करायला सांगितल्यास लेखी मागावे. रक्तदाबाचे यंत्र शेजारीण सरिता हिला. वस्तीतल्यांचा दाब तपासून ती कोणाकडून चहासुद्धा घेत नाही. बँकेतली ठेव रस्त्याच्या खटल्यासाठी.

४. मला त्याच अडवलेल्या रस्त्याने न्यावे. कुंपणापाशी थांबवले तर तिथेच थांबावे. मला घाई नसेल.

५. मंत्री आज मुक्कामी राहिले नाहीत, तर उद्या मला अकोल्याला हृदयाच्या ऑपरेशनसाठी सोडतील. म्हणून आजच दोन साक्षीदार हवेत. एक सरिता, खिडकीतून. दुसरे म्हणून बोलावलेल्या धम्मरत्न गुरुजींना पोलिसांनी कोपऱ्यावरूनच परत पाठवले. उरले ओट्यावरचे शिपाई रामकिसन.

"बाई, मले यात काहून ओढता?"

"ओढलं तुमच्या साहेबानं. मी फक्त सही मागून राह्यली."

दवाखान्यात आमची पद्धत होती: सही करणाऱ्याने आपण तिथे का हजर होतो, तेही स्वतःच्या अक्षरात लिहायचे. येथेही तसेच लिहावे.

मी या दोघांच्या देखत सही केली, त्यांनी माझ्या देखत.

ठिकाण: सावळदरी, माझे घर, दाराच्या आत
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५
सही: शी. उ. तायडे

साक्षीदार १: सरिता बबन पडघान. शेजारीण. आत येऊ दिले नाही, खिडकीतून पाहिले.

साक्षीदार २: रामकिसन प्रेमसिंग राठोड, पोलीस शिपाई. वरिष्ठांच्या तोंडी आदेशाने सदर बाईस घराबाहेर पडू न देणेकामी सकाळपासून हजर.